सहा महिन्यांचा क्षय

"बेडका द्या म्हणते मी, बेडका! डबीत थुंकायला काय जातंय तुमचं, मावशी?"

रजनी नर्स पडवीत उभी होती. छत्री मिटली तरी छत्रीतलं पाणी संपत नव्हतं. हातात झाकणाची प्लास्टिकची डबी, आणि साडी पार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. उंबऱ्यात रंभाबाई आडवी बसली होती, दाराला अडसर घातल्यासारखी. पुढ्यात पेंढा घेऊन ती रोपांच्या मुठी बांधायला बंद वळत होती.

"तिला खोकलाच न्हाई, तर बेडका कुटनं आणू? माझा देऊ का?"

"तुमचा घेऊन काय करू? क्षय तुमच्या सुनेला आहे ना?"

"हाय. म्हंजे व्हता. पुण्याचं औषिद चालू हाय. तुमी कशाला एवढ्या पावसात पाय मोडून घेता?"

"माझ्या यादीत नाव नाही, म्हणून मोडून घेते. वाडीतली पाच माणसं सांगतात, रंभाबाईच्या सुनेला टीबी झालाय. बालवाडीच्या बाईंनी तुमच्या नातीला दाराशी एकटी बसवलीय. आणि माझ्या यादीत पत्ताच नाही! उद्या डॉक्टर मला उभी सोलतील. बेडका नको तर नको, गोळ्या दाखवा."

रंभाबाईचा हात बंदावरच थांबला.

ताम्हिणीच्या अलीकडं त्या वाडीत आखाडातला पाऊस पडत नाही, राहायलाच येतो. दोन महिने मुक्काम करतो, घरातलं मीठ पातळ करतो आणि भिंतींना मिशा फुटल्यासारखी बुरशी आणतो. अशा पावसात चढण चढून आलेल्या बाईला नुसती परत लावायची, हे रंभाबाईच्या स्वभावात बसत नव्हतं. पण गोळ्या दाखवायच्या, हे तर त्याहून बसत नव्हतं.

आतून शारदा आली. सासूच्या खांद्यावरून हात लांब करून तिनं गोळ्यांची पाकिटं नर्सबाईच्या हातावर ठेवली. सासूकडं पाहिलंही नाही.

नर्सनं पाकिटं उजेडाकडं धरली. मागचं बारीक अक्षर वाचलं. मग ती खाली वाकून रंभाबाईच्या कानाशी आली.

"मावशी, ह्या टीबीच्या गोळ्या नाहीत."

"न्हाईत," रंभाबाई म्हणाली. तिचं तोंड पेंढ्याकडं होतं.

"ह्या डोक्याच्या आहेत."

"हळू बोला, बाई. भिंतीला कान असत्यात."

नर्सनं इकडंतिकडं पाहिलं. रंभाबाईचं घर वाडीच्या वर, टेकाडावर एकटंच. भिंतीला कान असले तरी ऐकायला माणूस नव्हता. तेवढ्यात तिची नजर पडवीतल्या खुंटीवर गेली. तिथं जर्मलचं एक ताट आणि एक पेला दोरीनं बांधून टांगला होता.

"हे कुणाचं?"

"माझं," शारदा म्हणाली.

"वेगळं? क्षय नाही हे माहीत असून?"

यावर रंभाबाईनं एक बंद तोडला आणि पुन्हा वळायला घेतला. काय सांगणार? आल्यागेल्याला दिसावं, क्षयाचं खरं वाटावं, म्हणून तिनंच ते पडवीत टांगलं होतं. क्षयवाल्याचं ताट आत सगळ्यांच्या भांड्यात मिसळलं तर लोक म्हणतील, हा कसला क्षय?

"चहा घेता का, बाई?" शारदानं विचारलं.

"घेते की. कप नको. त्याच पेल्यात द्या."

आणि ती नर्सबाई त्या पेल्यातनं फुंकर मारमारून चहा प्याली. रंभाबाई बघत राहिली. दीड महिना झाला सून येऊन. या दीड महिन्यात त्या पेल्याला तिनं स्वतः कधी तोंड लावलं नव्हतं. क्षय नाही हे जगात सगळ्यात जास्त तिला ठाऊक, तरी घासताना तो पेला ती शेवटी घासायची. खोटं आपण दुसऱ्याला सांगतो आणि ऐकतात आपलेच कान.

जाताना नर्स म्हणाली, "माझ्या तोंडून काही फुटणार नाही. पण टीबीचं नाव मी लावलेलं नाही, तेव्हा मला ते खोडताही येत नाही. गोळ्या मात्र एक दिवस चुकवू नका. आणि त्या पोरीला दाराशी बसवू देऊ नका, मावशी. लेकरू आहे ते."

तर झालं होतं ते असं. आदल्या साली अश्विनात शारदाला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईमाणूस रडतं, छाती बडवतं, मग कामाला लागतं. वाडीनं तसंच पाहिलेलं. शारदा रडली नाही. ती खायची थांबली, झोपायची थांबली. कार्तिकात भाताची कापणी होऊन खाचरं मोकळी झाली, तेव्हा एका पहाटे रंभाबाईला ती अंथरुणात दिसली नाही. बघते तर वरच्या सुक्या खाचरात वाकलेली, हातात पेंढ्याची मूठ. एकेक काडी जमिनीच्या भेगेत खोचत चाललीय. आवणी करतात तशी, मागं मागं सरत. भाताची आवणी, कार्तिकात, वाळल्या काडांची! अर्धं खाचर लावून झालं होतं.

"शारदे, अगं काय करतीस?"

"आत्याबाई, रोपं म्हातारी व्हाया लागली," ती म्हणाली. "माणसं कवा यायची?"

रंभाबाईनं उजाडायच्या आत सगळ्या काड्या उपटल्या आणि गुरांपुढं टाकल्या. मग देवऋषी झाला, अंगारे झाले, कोंबडं उतरवून झालं. शेवटी पौडच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली आणि लेकानं, रावजीनं, बायकोला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवली. वेड्यांच्याच.

वाडीला काय सांगायचं? कावीळ म्हणावी तर एवढी टिकत नाही. माहेरी गेली म्हणावं तर माहेरी दिवा लावायला कोणी उरलेलं नाही. क्षयाचं मात्र सगळं मापात बसलं. पोरगी वाळलेली होतीच. औषध सहा महिन्यांचं, गोळ्या रोजच्या, आणि ठणठणीत बरा होतो म्हणतात. बाजारात लुगडं निवडावं तसा रंभाबाईनं आजार निवडला. वर तिला मनात वाटलं, आपल्याइतकी शहाणी बाई वाडीत दुसरी नाही.

आणि घरात लेकीचं, हेमलताचं, लग्न ठरत होतं. मारुंजीचं स्थळ, रस्त्याला लागून जमीन, चार खोल्या भाड्यानं दिलेल्या. सुनेचं वेड लेकीच्या रक्तात कुठून येणार, हे रंभाबाईलाही कळत होतं. पण लोक रक्ताचं बोलत नाहीत, घराचं बोलतात. लोक म्हणाले असते, धडधाकट सून आणली होती, त्या घरानं तिला येडी केली. तशा घरातली लेक कोण नेतो?

इथपर्यंत जे झालं ते चारचौघींच्या हातून होतं तसं. याच्या पुढचं रंभाबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आवणीला इर्जिक घालतात, ही त्या वाडीची चाल. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. हजेरी नाही, मजुरी नाही. ज्याचं शेत त्यानं दुपारी पोटभर जेवू घालायचं, एवढाच करार. आणि इर्जिकीला आलेला माणूस न जेवता उठला, तर समजायचं की त्यानं ते घर सोडलं. पुढच्या साली त्या घराला हाक नाही. तीन खाचरांची आवणी एका रावजीच्या आणि एका म्हातारीच्या हातानं होत नसते. रोपं चार दिवस जास्त राहिली की पिवळी पडतात, मग लावली काय आणि न लावली काय.

रंभाबाई दारोदार सांगून आली. सगळे "येतो" म्हणाले. पण कुणी "बस" म्हणालं नाही, आणि पाणी कुणी विचारलं नाही.

"आत्याबाई," त्या संध्याकाळी शारदा म्हणाली, "सैपाक मी करू?"

"नगं. मी करते."

"मंग मी काय करू?"

"तू वरल्या खाचरात लाव. एकली लाव. तुला गर्दी नगं."

शारदा थोडी हसल्यासारखी झाली. "मला का त्येस्नी?"

रंभाबाईनं चुलीत फुंकर घातली आणि धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

इर्जिकीच्या दिवशी माणसं आली. नाही म्हणायला जागा नव्हती. रावजी आणि रंभाबाई बहुतेकांच्या चिखलात राबून आले होते. चौदा माणसं, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, एकदोन म्हाताऱ्यांच्या पाठीवर जुनी इरली. खालच्या खाचरात रावजी बैलांनी चिखलणी करत होता. चिखल असा झाला होता की पाय घातला की पोटरीपर्यंत ओढून घ्यायचा आणि सोडताना चुंबल्यासारखा आवाज करायचा. बाया ओळीनं वाकल्या. पाऊस पाठीवर ताशा वाजवत होता.

"ए म्हाळसे, तुझी ओळ बघ, सापागत चाललीया!" धाऊबाबा बांधावरून ओरडला. इर्जिकीचा म्होरक्या तोच. वय ऐंशीच्या घरात, दात दोन, आवाज मात्र बारा बैलांचा.

"साप तर साप. भात तर साळीचंच येणार न्हवं?"

"आगं, तुझ्या नवऱ्याची वाट बी अशीच, दारूच्या गुत्त्यावरनं घरी येताना!"

"त्यो निदान घरी येतो! तुमी तर बांधावरच झोपता!"

सगळं खाचर हसलं. रंभाबाईही हसली. तिला वाटलं, आहे तसंच आहे की सगळं. उगाच आपण घाबरलो. वरच्या खाचरात पावसाच्या पडद्याआड शारदा एकटी वाकलेली दिसत होती. तिच्या बाजूला कुणी मान वळवत नव्हतं, एवढंच.

दुपारी रंभाबाईनं घरून पातेलं आणलं. दोन कोंबडे कापले होते, तांबडा रस्सा केला होता, वर तांदळाच्या भाकरीची चवड. बांधावरच्या आंब्याखाली रावजीनं प्लास्टिकचा कागद ताणून आडोसा केलेला. रंभाबाई पातेलं ठेवून ताटल्या मांडू लागली आणि मागं वळून पाहते तो काय, माणसं हातपाय धुऊन गोल बसली होती आणि प्रत्येकानं आपापलं फडकं सोडलं होतं. नाचणीची भाकरी, ठेचा, कांदा.

"आरं, हे काय? जेवान आणलंय की मी."

मग म्हाळसा म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आक्का. आज आमचा उपास हाय."

"आखाडात? कोंबड्याचा उपास? आन् उपासाला कांदा?"

म्हाळसानं कांदा फडक्याखाली सारला. एकजण खाकरला. दुसरा भाकरीकडं बघत राहिला. रावजी ताटल्या हातात घेऊन तसाच उभा, पाऊस त्याच्या नाकावरून ताटलीत टपटपत होता.

"सगळा सैपाक मी केलाय," रंभाबाई म्हणाली. "तिनं हात बी लावला न्हाई. सकाळधरनं ती वरल्या खाचरात हाय, तुमी बघतायसा."

"चूल एकच न्हवं, आक्का?" म्हाळसा हळूच म्हणाली. "पाण्याचा हंडा एकच. आमच्या घरात लहान लेकरं हायेत. राग नगं धरू. काम आमी पुरं करून जातू."

काम करून जातो. म्हणजे हे शेवटचं. रंभाबाईनं खोट्याचं कुंपण घराभोवती घातलं होतं, लाज आत येऊ नये म्हणून, आणि आता माणसंच आत येत नव्हती.

"तिला क्षय न्हाई," ती म्हणाली.

"बरा झाला व्हय? चांगलं झालं," धाऊबाबा म्हणाला.

"बरा झाला न्हाई. नव्हताच कवा. मी खोटं बोलले."

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हाळसाच्या तोंडावर तर सरळ हसू आलं. "आक्का, आज जेवाया घालायचं म्हून आज क्षय न्हाई. काल व्हता. मंग ते खुंटीवरलं ताट कुणाचं?"

"तिचंच. मीच टांगलं. तुमी बघावं म्हून टांगलं."

"आसं कोण करंल? आपल्या मान्साला?"

"म्या केलं."

रंभाबाईच्या ध्यानात आलं, खरं बोलून कुणी विश्वास ठेवत नाही. इतके महिने खोट्याला एवढं खत घातलं होतं की आता खऱ्याला उगवायला जागा नव्हती. शारदाचं ताट आणि पेला तिनं पातेल्याबरोबर आणले होते, वर तिला जेवण पोचवायला. तिनं पेला उचलला, हंड्यातलं पाणी भरलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्याली.

"तुला काय, तू पिकलं पान," कुणीतरी पुटपुटलं.

मग ती चिखलातच खाली बसली.

"ती येड्याच्या दवाखान्यात व्हती," ती म्हणाली. "पुण्यात. प्वार गेल्यावर तिचं डोस्कं फिरलं. मला लाज वाटली. म्हून क्षय म्हनले."

चिखलात दगड पडला की आवाज होत नाही, नुसता खळगा पडतो. तसं झालं. तोंडातले घास तोंडात राहिले.

आता थांबता आलं असतं. पण बांध एकदा फुटला की माती धरत नाही.

"अजून ऐका. माघातच कागद आला दवाखान्याचा. बंडोपंत पोस्टवाल्यांनी मला वाचून दावला. बाई बरी हाय, घिऊन जा, घरच्यानं सई कराया या. मी त्यो कागद कणगीत घातला. हेमाचं लगीन हू दे म्हनले. फुडं दुसरा आला. त्यो बी घातला. लगीन झाल्यावरच रावजीला तिला आणाया धाडला. सा म्हैन्यातलं तीन म्हैने तिच्या दुखण्याचं, आन् तीन म्हैने माझं. ती बरी व्हती आन् तितंच बसली व्हती, येड्यांत."

"आये," रावजी म्हणाला. नुसतं एवढंच. लग्नाच्या धांदलीत त्यानं चारदा तरी विचारलं होतं, दवाखान्याचं काही कळलं का म्हणून. चारदा तिनं नाही म्हटलं होतं. त्यानं ताटल्या खाली ठेवल्या, बैलांकडं गेला आणि त्यांच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत, सगळ्यांकडं पाठ करून उभा राहिला. ती पाठ रंभाबाईला बघवेना.

मग धाऊबाबानं आपलं फडकं गुंडाळलं.

"त्या काडांच्या वळी," तो म्हणाला, "मी बघितल्या व्हत्या."

रंभाबाईनं मान वर केली.

"गाय चुकली व्हती, फाटं फाटंचं हुडकत आलतो. वरल्या खाचरात काडांची आवणी. मला वाटलं भुताटकी. मंग ही दिसली." त्यानं वरच्या खाचराकडं हात केला. "आन् मंग तू दिसलीस, उपटताना. मी गपचिप माघारी गेलो."

"बोलला न्हाईसा कवा?"

"काय बोलायचं? वळी सरळ व्हत्या," धाऊबाबा म्हणाला. "म्हाळसेपरीस सरळ." त्यानं पुढ्यातली ताटली उचलून पुढं केली. "वाढ आता. निवलं की कोंबडं रबर हुतंय, आन् मला दात दोन."

कुणीतरी फुसकन हसलं. दुसरी ताटली पुढं आली. मग तिसरी. दोघं उठून, "गुरं बघून येतो," म्हणून गेले, ते परत आले नाहीत. बाकीचे बसले. आखाडातलं कोंबडं आणि तांदळाची भाकर; वास तरी किती वेळ धरवणार?

रंभाबाईला उठवेना. तिच्या हातातली पळी कुणीतरी घेतली. शारदा होती ती. कधी बांधावरून उतरून आली, किती ऐकलं, कळलं नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. तिनं हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले आणि वाढायला सुरुवात केली. धाऊबाबाला, मग पुढं, मग पुढं. कुणी "पुरं" म्हणालं, कुणी "अजून वाईच रस्सा" म्हणालं. सगळे जरा जास्तच गोड बोलत होते. लहान पोराशी बोलावं तसं.

म्हाळसापाशी शारदा वाकली. म्हाळसाच्या शेजारी बांधाचं गवत कापायला आणलेला विळा पडला होता. म्हाळसानं ताटली एका हातानं पुढं धरली आणि दुसऱ्या हातानं तो विळा हलकेच ओढून आपल्या मांडीखाली घेतला. फार हळू. कुणाला कळू नये असं.

शारदाला कळलं. पळी क्षणभर हवेत राहिली. मग तिनं दोन फोडी वाढल्या आणि पुढं सरकली.

रंभाबाईलाही दिसलं होतं. सबंध दुपारभर जेवढी लाज तिनं चिखलात बसून ओकली होती, तेवढी सगळी पुन्हा आत गेली.

दिवस मावळायच्या आत आवणी उरकली. माणसं गेली. सासूसुना ओहोळाकाठी भांडी घासायला बसल्या. पाऊस जरा उघडला होता, समोर धरणाच्या पाण्यावर ढग टेकले होते. वरच्या खाचरातली रोपं चिखलात उभी होती, चार चार बोटांवर, दोरी धरल्यासारखी.

"कागदाचं मला ठाव व्हतं," शारदा म्हणाली.

रंभाबाईचा हात राखेत थांबला.

"डॉक्टरीणबाईंनी मला वाचून दावला, मंगच धाडला. आता येत्याल तुझी माणसं, म्हणल्या. मी गठुडं बांधून ठिवलं. रोज सकाळी फाटकापाशी जाऊन बसायची. तितं एक बाई व्हती, वीस वर्सं बसत्याय म्हनायची. ती मला बाजूला जागा करून द्यायची."

"शारदे…"

"तुमी आज बोललासा ते बरं केलंसा, आत्याबाई. पोरीला आता बालवाडीच्या बाई दाराशी न्हाई बसवायच्या." तिनं पातेलं पालथं घातलं. "पर क्षय बरा व्हता."

"काय?"

"सा म्हैन्यांत सपला असता. लोक म्हनलं असतं, शारदा बरी झाली." ती पातेल्याच्या बुडाला राख लावत राहिली. "याचं म्हैनं किती?"

रंभाबाईनं जर्मलचं ताट घासलं, पेला घासला. बाकीच्या भांड्यांच्या आधी घासला. आणि दोन्ही घरातल्या भांड्यांच्या पाटीत मिसळून टाकली.

खालून कुणाची तरी हाक आली. म्हाळसा होती, तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडत होती.

"आक्काऽऽ! उद्या आमची इर्जिक हाय न्हवं! सुनंला घिऊन येऽऽ!"

रंभाबाई उठून उभी राहिली. "येतू गंऽऽ!"

"तिला मधी लावूऽऽ! कडंला नगं! मधी आसली म्हंजी आमची दोनी बाजूनं नजर ऱ्हाईल!"

एवढं मोठ्यानं, एवढ्या मनापासून सांगितलेलं, की रागवावं तरी कसं? रंभाबाई बघतच राहिली. आणि तिच्या मागं शारदा हसली. म्हाळसाची हाक आणि ती नजर, दोन्ही आठवून असेल, पण ती हसायला लागली ती थांबेना. डोकं मागं टाकून, राखेचे हात पोटाशी धरून, खळखळून. बाळंतपणाच्या आधी हसायची तशी. ओहोळापलीकडच्या झाडीत आवाज घुमला.

रंभाबाईची मान वळली. सुनेकडं नाही. आधी खाली, वाडीच्या वाटेकडं. म्हाळसा गेली का, कुणी उभं आहे का, कुणी ऐकलं का.

मग तिला आपली मान कुठं वळली ते उमगलं, आणि तिनं ती सावकाश परत फिरवली.

शारदाचं हसू थांबलं होतं. तिनं सासूकडं पाहिलं, वाटेकडं पाहिलं. रागावून नाही. सवयीच्या माणसानं पाहावं तसं.

"कुनी न्हाई ऐकलं, आत्याबाई," ती म्हणाली, आणि पातेलं धुवायला पुन्हा पाण्यात वाकली.